छत्रीवाल्याचा बॉक्स घ्यावा की फायबरवाल्याचा?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा: मानेवाड्यात घर, अकरा वर्षांपासून गच्चीवर छत्री, म्हणजे डिश. आईबाबांना मालिका आणि बातम्या, तुम्हाला क्रिकेट, मुलीला कार्टून आणि वेब सिरीज. छत्रीवाल्या कंपनीचा माणूस म्हणतो, 'नवा अँड्रॉइड बॉक्स घ्या, सगळे ॲप त्यातच येतात.' फायबरवाला म्हणतो, 'छत्री काढून टाका, बॉक्स मी फुकट देतो, वरून बारा ॲप.' समोरच्यांकडे तुमच्याच कंपनीचा बॉक्स आहे, पण त्यांना जे ॲप दिसतं ते तुम्हाला दिसत नाही. मग खरं कोण बोलतं, आणि बॉक्स कोणाचा घ्यावा?

मी नागपुरात या धंद्यात सत्तावीस वर्षं आहे. नंदनवनात खांबावर चढून केबल ओढण्यापासून सुरुवात केली. आता केबल आणि फायबर दोन्ही चालवतो, आणि कोणी बोलावलं तर छत्रीची दिशाही लावून देतो. म्हणजे तुम्ही कोणाचाही बॉक्स घेतला तरी कुठून ना कुठून माझ्या खिशात चार पैसे येतात. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्ही ठरवाल.

दोघांपैकी खोटं कोणीच बोलत नाही. ते दोघं आजचं सांगून राहिले आणि तुम्ही पुढच्या पाच वर्षांचं विचारून राहिले. सगळा घोळ तिथेच आहे.

बॉक्समधून टीव्हीवर दोन वेगळ्या गोष्टी येतात, आणि त्या एकाच पडद्यावर दिसतात म्हणून आपण त्यांना एकच समजतो. एक म्हणजे चॅनेल, दुसरं ॲप. चॅनेलला नियम आहे. ट्राय म्हणजे टेलिफोन आणि टीव्हीच्या धंद्यावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था. तिच्या नियमांप्रमाणे केबल किंवा छत्रीच्या कंपनीने मागणी केली की चॅनेलवाल्याला आपला सिग्नल द्यावाच लागतो, आणि जो दर जाहीर केला तो सगळ्यांना सारखा ठेवावा लागतो. म्हणून स्टार प्रवाह किंवा झी मराठी नागपुरातल्या कोणत्याही कंपनीच्या बॉक्सवर मिळतं. भांडणं तिथेही होतात. २०२३ च्या फेब्रुवारीत नव्या दरांच्या करारावरून मोठ्या चॅनेल कंपन्यांनी बऱ्याच केबल कंपन्यांचा सिग्नल काही दिवस बंद केला होता. माझा फोन त्या आठवड्यात गरम तव्यासारखा झाला होता. पण ते भांडण सगळ्यांसमोर झालं, कोर्टात गेलं, आणि आठवडाभरात मिटलं, कारण दोघांनाही बांधणारा एक कागद होता.

ॲपच्या बाबतीत असा कागदच नाही. नेटफ्लिक्स, जिओहॉटस्टार, झी५ किंवा सोनीलिव्ह यांच्यापैकी कोणी कोणत्या बॉक्सवर यायचं, हा दोन कंपन्यांचा खाजगी करार असतो. पैसे कोणी कोणाला द्यायचे, पडद्यावर पहिल्या ओळीत कोण दिसणार, रिमोटवर कोणाच्या नावाचं बटण, ग्राहकाचं बिल कोण फाडणार, त्याने काय पाहिलं याची नोंद कोणाकडे राहणार, हे सगळं त्यात ठरतं. त्या कराराला मुदत असते. मुदत कधी संपते हे ना तुम्हाला कोणी सांगत, ना मला.

आता समोरच्या घराचं. इथे बहुतेक वेळा राजकारण नसतं, साधं यंत्र असतं. तुमचा अकरा वर्षांपूर्वीचा बॉक्स फक्त आकाशातून येणारा सिग्नल उलगडतो. त्याला इंटरनेट माहीतच नाही, ॲप बसवायला जागाही नाही. समोरच्यांचा नवा बॉक्स म्हणजे छत्रीची वायर लागलेला छोटा अँड्रॉइड संगणक आहे. कंपनी तीच, वस्तू वेगळी. आणि नव्या बॉक्सवरही प्रत्येक ॲपवाला ते मॉडेल तपासून परवानगी देतो, मगच त्यावर एचडी चित्र दिसतं. बर्डीच्या बाजारात बिननावाचे अँड्रॉइड बॉक्स स्वस्तात मिळतात. त्यांच्यावर ॲप कसंबसं उघडतं, पण चित्र धूसर येतं, कारण चोरी रोखण्याची जी वरची पातळी लागते ती त्या बॉक्सला मिळालेली नसते. लोक मला सांगतात, 'भाऊ, तुमचं नेट स्लो आहे.' नेट व्यवस्थित असतं, त्या बॉक्सला परवाना नसतो.

हे झालं तंत्राचं. पण एखादं ॲप एका कंपनीकडे लवकर येतं आणि दुसरीकडे वर्षानुवर्षं येत नाही, याचं कारण तंत्रात सापडत नाही. त्यासाठी ती कंपनी मुळात काय विकते ते पाहायचं. ब्रिटनचं उदाहरण मला फार आवडतं. तिथे व्हर्जिन मीडिया या केबल कंपनीने २०१३ मध्येच नेटफ्लिक्स आपल्या बॉक्सवर आणलं. स्काय या छत्रीवाल्या कंपनीने ते आणायला २०१८ उजाडलं. स्काय काही गरीब किंवा मागासलेली कंपनी नव्हती. पण व्हर्जिनची खरी कमाई जाड, म्हणजे जास्त वेगाचं इंटरनेट विकण्यात होती, आणि नेटफ्लिक्स आलं की लोक आणखी जाड इंटरनेट घेतात. स्कायची कमाई होती स्वतःच्या सिनेमा आणि खेळाच्या चॅनेलांत, आणि नेटफ्लिक्स म्हणजे तिच्याच दुकानात दुसऱ्याची टपरी. हे माझं मत आहे, पण धंद्यातला कोणताही माणूस तुम्हाला असंच सांगेल.

हाच चष्मा लावून आपल्याकडे पाहा. एअरटेल छत्रीही विकते आणि इंटरनेटही, म्हणून तिने २०१७ मध्येच नेटफ्लिक्ससकट अँड्रॉइड बॉक्स काढला आणि २०१९ मध्ये एक्स्ट्रीम बॉक्स आणला. टाटा स्कायचं घर मुख्यतः छत्रीवर चालायचं. तिने २०१९ मध्ये बिंज नावाची ॲपची सेवा काढली तेव्हा आधी चक्क ॲमेझॉनची फायर स्टिक, म्हणजे टीव्हीच्या मागे खोचायची ॲपची कांडी, ग्राहकाला दिली, म्हणजे परक्याच्या दाराने आत आली. २०२० च्या जानेवारीत तिचा स्वतःचा बिंज प्लस बॉक्स आला, किंमत ५,९९९ रुपये. नेटफ्लिक्स तिच्या पॅकमध्ये आलं ते २०२२ च्या जानेवारीत, नाव बदलून टाटा प्ले झालं त्याच सुमारास. जिओची गोष्ट सरळ आहे. तिला फायबर विकायचं होतं, त्यामुळे बॉक्स आणि ॲप हे सुरुवातीपासून फायबरसोबतचं आमिष. २०२० च्या सप्टेंबरात तिने नवे प्लॅन काढले, त्यात ९९९ रुपयांना ॲपचा गठ्ठा होता, पण नेटफ्लिक्स हवं तर १,४९९ चा प्लॅन घ्यावा लागे. त्याच महिन्यात एअरटेलनेही आपल्या फायबरला ॲप जोडले. त्या महिन्यात आमच्या भागात दोन्हीकडचे पोट्टे टी-शर्ट घालून एकाच गल्लीत एकमेकांच्या मागे फिरत होते, आणि मी दुकानात बसून दोघांचे कागद गोळा करत होतो.

छत्रीवाल्यांची घाई समजण्यासारखी आहे. देशात पैसे भरून छत्री पाहणारे एकेकाळी सातएक कोटी होते, आता तो आकडा सहा कोटींच्या खाली आला आहे. अशा वेळी ॲप दिले नाहीत तर ग्राहक जातो, आणि दिले तर ग्राहकाला हळूहळू कळतं की चॅनेलशिवायही चालतं. म्हणून ते ॲप देतात, पण आपल्या पॅकमध्ये, आपल्या बिलात, आपल्या पडद्यावर. ॲपवाल्यांना उलट हवं असतं. ग्राहकाने थेट त्यांच्याकडे खातं उघडावं आणि बॉक्सवाल्याने मध्ये बसू नये. तुम्ही टीव्ही सुरू करता तेव्हा पहिला पडदा कोणाचा दिसतो, यावर ही सगळी ओढाताण चालते. काही कंपन्यांच्या बॉक्सवर गूगलचं प्ले स्टोअर असतं, तिथून हवं ते ॲप टाकता येतं. काहींवर, जिओसारखं, स्वतःचं स्टोअर असतं, त्यात ते ठेवतील तेवढंच. सेल्समन हा फरक कधी सांगत नाही, पण माझ्या मते बारा ॲप की पंधरा ॲप यापेक्षा तो फार मोठा आहे.

ही ओढाताण ताणली की काय होतं ते सगळ्या जगाने पाहिलं आहे. गूगल आणि ॲमेझॉन यांचं एकमेकांची उपकरणं विकण्यावरून वाजलं, आणि २०१८ च्या सुरुवातीपासून ॲमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिकवर यूट्यूबचं ॲप नाही असं झालं. ते परत आलं २०१९ च्या जुलैत. दीड वर्ष! ज्याने पैसे मोजून स्टिक घेतली त्याचा या भांडणाशी काय संबंध होता? अमेरिकेत २०२३ च्या सप्टेंबरात चार्टर या केबल कंपनीचं डिस्नेशी बिनसलं आणि दहा-अकरा दिवस डिस्नेचे चॅनेल बंद होते. तडजोड काय झाली ते मात्र लक्षात घ्यायला हवं: केबलच्या पॅकमध्ये डिस्नेचं ॲपही घालून द्यायचं. केबलवाल्याचं म्हणणं साधं होतं. तुम्ही आम्हाला चॅनेल विकता आणि तेच कार्यक्रम ॲपवर वेगळे विकता, मग आमच्या गिऱ्हाइकाने एकाच गोष्टीचे दोनदा पैसे काहून द्यायचे? हे वाचलं तेव्हा मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आपल्याकडे २०२३ मध्ये आयपीएल जिओसिनेमावर फुकट दिसत होती आणि टीव्हीवर तीच पाहायला स्पोर्ट्सच्या चॅनेलचे पैसे लागत होते. माझ्या दुकानात येऊन लोक हेच विचारायचे.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो, कारण माझा सल्ला त्यातूनच तयार झाला आहे. काही वर्षांपूर्वी एका कंपनीचा ॲपवाला बॉक्स मी माझ्या भागात चाळीसेक घरांत लावला. कंपनीचं नाव घेत नाही, तिच्या जागी दुसरी असती तरी हेच झालं असतं. तिच्या माणसाने मला सांगितलं की अमुक ॲप पॅकमध्येच आहे, आणि मी तेच जसंच्या तसं लोकांना सांगितलं. पॅकमध्येच म्हणजे नेहमीसाठी, असं मीही धरून चाललो होतो. आठ-नऊ महिन्यांनी ते ॲप त्या पॅकमधून काढून वरच्या पॅकमध्ये टाकलं. कंपनीने ग्राहकांना एक एसएमएस केला, तो कोणी वाचला नाही. रात्री साडेनऊला एक काकाजी दुकानात आले आणि म्हणाले, 'तुम्ही सांगितलं म्हणून घेतला होता.' एवढंच बोलले, आवाजही चढवला नाही. त्यांना आणि आणखी सहा-सात जणांना मी पुढच्या रिचार्जमध्ये माझ्याकडून सूट दिली. तेव्हापासून मी बॉक्सबद्दल बोलतो, नेटबद्दल बोलतो, पण ॲप आज काय आहे एवढंच सांगतो आणि बिलावर पेनने तारीख टाकून देतो.

म्हणून माझा पहिला सल्ला: ॲपसाठी बॉक्स घेऊ नका. बॉक्स घ्या तो सिग्नल, रिमोट आणि घरातली माणसं पाहून. आता तुमच्या घराचं काय ते पुढच्या काही गोष्टींवर ठरेल, आणि त्या मला इथून दिसत नाहीत.

सगळ्यात आधी रिमोट कोणाच्या हातात असतो ते पाहा. नागपुरात संध्याकाळी सात ते दहा मला जेवढे फोन येतात, त्यातले निम्मे 'टीव्ही बंद पडला' असे असतात, आणि त्यातल्या बहुतेकांत टीव्ही चांगला असतो, फक्त इनपुट एचडीएमआय एकऐवजी दोनवर, म्हणजे दुसऱ्या वायरीवर गेलेलं असतं. मुलगी स्टिक लावून काहीतरी पाहते, उठून जाते, मग आजी छत्रीच्या रिमोटवर दहा वेळा बटण दाबतात आणि पडदा काळाच. तुमच्या आईबाबांना दोन रिमोट सांभाळायला जड जात असतील, तर चॅनेल आणि ॲप एकाच बॉक्सवर असण्याची सोय पैशांत मोजू नका. अशा घरांना मी छत्रीवाल्याचा अँड्रॉइड बॉक्सच सुचवतो, मग त्यात एखादं ॲप कमी असलं तरी चालेल.

मग तुमचा टीव्ही पाहा. गेल्या पाच-सहा वर्षांत घेतलेला असेल तर बहुधा स्मार्ट असेल, आणि हे सगळे ॲप त्याच्यातच असतील. मला दर महिन्याला असे दोन-तीन जण भेटतात, ज्यांच्या टीव्हीत सगळं आहे आणि तरी ते बॉक्ससाठी पैसे मोजायला तयार असतात. टीव्ही जुना असेल तर वेगळी स्टिक किंवा बॉक्स लागेल. अँड्रॉइड बॉक्सचंही आयुष्य असतं. सुरुवातीच्या बॉक्सांत दोन जीबी रॅम आणि आठ जीबी जागा असायची. तीन-चार वर्षांत ॲप फुगतात, जागा भरते, बॉक्स अडकत अडकत चालतो. साध्या छत्रीच्या बॉक्सला असं म्हातारपण येत नाही, तुमचाच अकरा वर्षं चालला. शिवाय कंपनी सोडली की तिचा बॉक्स दुसरीकडे चालत नाही. कोणताही बॉक्स कोणत्याही कंपनीकडे चालावा अशी शिफारस ट्रायने २०२० च्या एप्रिलमध्ये केली होती. पण माझ्या दुकानाच्या माळ्यावर जुन्या बॉक्सचा ढीग अजून आहे.

तिसरं, तुम्ही खरोखर काय पाहता. 'बारा ॲप' ऐकायला भारी वाटतं, पण मराठी घराचं गणित छोटं असतं. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी५ वर, सोनी मराठीच्या सोनीलिव्हवर. हॉटस्टार आणि जिओसिनेमा २०२५ च्या फेब्रुवारीत एक झाले, त्यामुळे आयपीएलही तिथेच आली. आईबाबांच्या दोन मालिका कोणत्या चॅनेलवर लागतात ते विचारा, त्यात तुमचं क्रिकेट आणि मुलीचं एक ॲप मिळवा. दोन, फार तर तीन ॲपांत तुमचं घर भागेल. बाकीचे नऊ तुम्ही एकदा उघडून पाहाल आणि विसरून जाल. त्या दोन-तीनांतही कोणता प्लॅन मिळतो ते नीट विचारा. पुष्कळ गठ्ठ्यांत ॲपचा सगळ्यात खालचा प्लॅन असतो. तो कधी फक्त मोबाईलवर चालतो, कधी जाहिरातींसकट येतो. टीव्हीवर लावायला गेलात की वरचे पैसे मागतो.

चौथं म्हणजे नागपूर. हा मुद्दा कोणत्याच जाहिरातीत नसतो. पावसाळ्यात ढग दाटले की छत्रीचं चित्र चौकोन चौकोन होतं आणि मग जातं. हा बॉक्सचा दोष नाही, आकाशातून छत्रीकडे येणाऱ्या लहरी मुसळधार पावसात अडतात. पंधरा-वीस मिनिटांत परत येतं. फायबरला पावसाचं भय नाही, त्याला भय जेसीबीचं. गेली कित्येक वर्षं शहरात सिमेंटचे रस्ते, नाल्या, पाण्याची लाईन यांची खोदकामं सुरू आहेत, आणि एकदा वायर तुटली की कुठे तुटली ते शोधून जोडायला कधी चार तास, कधी दोन दिवस. छत्री काढून सगळं फायबरवर नेलं तर त्या दोन दिवसांत आईबाबांच्या बातम्याही गेल्या, मुलीचा अभ्यासही गेला. तुमच्या गल्लीत रस्त्याचं काम व्हायचं आहे की झालं आहे, ते पानठेल्यावर विचारलंत तरी कळेल. आमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

मे महिन्याचंही सांगून ठेवतो. पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा बंद शोकेसमध्ये ठेवलेला अँड्रॉइड बॉक्स तापून आपोआप बंद पडतो. म्हणून लोक तो कूलरसमोर ठेवतात, आणि मग ओल लागून त्याचं पोर्ट गंजतं. शोकेसच्या बाहेर, कूलरच्या झोतापासून दूर ठेवा. एवढं पाळलंत तर माझी एक फेरी वाचेल.

आता पैशांचं. चॅनेलचं बिल कसं बनतं ते २०१९ मध्ये सगळ्यांना पाठ झालं होतं: १३० रुपये नेटवर्कचे, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि वरून पैशांच्या चॅनेलचे दर. २०२४ मध्ये ट्रायने त्या १३० वरचं बंधन काढलं. आता कंपनी आपला दर ठरवते, तरी तो जाहीर करावा लागतो. तुमच्या पॅकमध्ये अकरा वर्षांत साचलेले किती चॅनेल कोणी पाहतच नाही, ते एकदा बसून काढा. बहुतेक घरांत दक्षिणेकडचे दोन-चार, इंग्रजी बातम्या, आणि मुलगी लहान असताना घेतलेले कार्टूनचे चॅनेल पडून असतात. ती छाटणी केली की दोन ॲपांच्या पैशांतला चांगला वाटा निघून येतो. हे मी केबलवाला असून सांगतो, कारण चॅनेल कमी झाले तरी गिऱ्हाईक राहतं, आणि वैतागून सगळंच तोडलं तर ते जातं.

नेटचाही हिशेब ठेवा. एचडी चित्राला पाचएक एमबीपीएस पुरतात, फोरकेला, म्हणजे त्याहून बारीक चित्राला, पंधरा ते पंचवीस लागतात. म्हणून दोन टीव्ही आणि तीन मोबाईलच्या घराला शंभर एमबीपीएस भरपूर झाले. तीनशेचा प्लॅन तुम्हाला बहुधा त्यातल्या ॲपसाठीच विकला जातो. सेल्समनला एकच विचारा: 'याच स्पीडचा ॲपशिवायचा प्लॅन कितीला?' दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्या ॲपांची तुमच्यासाठीची किंमत. तो फरक तुम्ही खरोखर पाहणार असलेल्या ॲपांच्या वेगळ्या वर्गणीपेक्षा कमी असेल तर गठ्ठा घ्या, नसेल तर नका घेऊ. बॉक्स टीव्हीजवळ आणि मोडेम दुसऱ्या खोलीत असेल तर मध्ये लॅनची वायर ओढून घ्या, दोन भिंतींपलीकडच्या वायफायवर फोरके पाहायचा हट्ट नको.

एवढ्या माहितीवर तुमच्या घरासाठी मी काय करीन? छत्री ठेवीन, तिचा पॅक मराठी, बातम्या आणि तुम्हाला हवे असतील तर खेळ एवढ्यावर आणीन, आणि आईबाबांच्या हातात जुनाच बॉक्स आणि जुनाच रिमोट राहू देईन. फायबर ॲपशिवायचं किंवा सगळ्यात हलक्या गठ्ठ्याचं घेईन. ॲप टीव्हीच्या आतले नाहीतर वेगळ्या स्टिकवरचे. त्यांची वर्गणी तुमच्या स्वतःच्या खात्यावर, ज्याची गरज आहे तेवढ्यापुरती. आयपीएल संपली की एक ॲप बंद करा, मुलीची परीक्षा आली की दुसरं. बॉक्सवाल्यांचं आपसात काही झालं तरी तुमचं खातं तुमच्याजवळ राहतं, दुसऱ्या उपकरणावर लॉगिन केलं की झालं.

आईबाबांनाही ॲपवर काही पाहायचं असेल आणि दोन रिमोट जमत नसतील, तर छत्रीवाल्याचा अँड्रॉइड बॉक्स घ्या, पण त्यावर प्ले स्टोअर आहे याची खात्री करून. आणि उद्या तुम्ही फ्लॅटमध्ये राहायला गेलात, तिथे गच्चीवर छत्री लावू देत नाहीत आणि फायबर जमिनीखालून नीट आलेलं आहे, तर मीच सांगीन की छत्री विसरा. बेसा आणि वर्धा रोडकडच्या नव्या इमारतींत मी आता छत्रीचं काम जवळपास करतच नाही.

फायबरवाल्याच्या 'फुकट बॉक्स'बद्दल एवढंच: तो बहुधा वापरायला दिलेला असतो, कनेक्शन सोडताना परत मागतात, आणि अडॅप्टर हरवला तर त्याचे पैसे कापतात. अनामत आहे का, किती महिने बांधून घेतात, आणि लावायला आलेल्या माणसाला वेगळे पैसे द्यायचे का, हे लेखी घ्या. व्हॉट्सॲपवर लिहून दिलं तरी चालेल.

एक गोष्ट मात्र काही बदलण्याआधी आजच करा, कारण यात लोक हमखास अडकतात. तुमची छत्री अकरा वर्षांपूर्वी ज्या मोबाईल नंबरवर नोंदली तो कोणाचा आहे? बाबांचा जुना नंबर असेल आणि ते सिम बंद पडलं असेल, तर पॅकमधलं ॲप सुरू करताना ओटीपी त्या मेलेल्या नंबरवर जातो आणि तुम्ही पैसे भरून बसून राहता. मागच्या वर्षी महालातल्या एका घरात आम्ही तीन दिवस यातच घालवले. नंबर नोंदला होता तो त्यांच्या आधीच्या भाडेकरूचा. बॉक्सच्या मेनूत जाऊन ग्राहक क्रमांक लिहून घ्या, कंपनीला फोन करून तुमचा चालू नंबर लावून घ्या, आणि मेसेज आला का ते पाहा.

आणि सेल्समन वर्षभराचा रिचार्ज एकदम करायला सांगेल, सूटही दाखवेल. आत्ता फक्त एका महिन्याचा करा. महिनाभर एका कागदावर कोणी कोणत्या दिवशी काय पाहिलं ते लिहून ठेवा, मुलीला सांगा, ती हौसेने करेल. तो कागद आणि टीव्हीचा मॉडेल नंबर इथे टाका, मग कोणते चॅनेल काढायचे आणि कोणते दोन ॲप ठेवायचे ते मी नावानिशी सांगतो.